निमिषचे प्रागमधले तीन दिवस

…तर निमिष पुलावर उभा होता, इथवर काल आलो होतो, नाही का? हातात चहाचा कप, जॅकेटची कॉलर वर केलेली, आणि मला सांगतोय, "आजोबा, आता बघा, सूर्य तुमच्या पाठीमागून वर येईल. पुलाच्या दोन्ही कडांना पुतळे आहेत. पुतळे काळे आणि त्यांच्यामागचं आकाश गुलाबी. टूरिस्ट अजून झोपलेत. सगळा पूल आपला."

मी मागं वळून बघितलं हो! मागं आमचा फ्रीज होता.

काल जे गप्पांना नव्हते त्यांनी गोंधळून जाऊ नये. पूल होता युरोपात, प्राग नावाच्या जुन्या शहरात. आणि निमिष होता आमच्या स्वयंपाकघरात, अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला. माझा मुलगा संजीव तिथं राहतो. मी दर उन्हाळ्यात त्याच्याकडे जातो आणि थंडीनं दात वाजायला लागले की गावी परततो. निमिष समोरच्या अपार्टमेंटमध्ये एकटा राहतो. मूळचा नागपूरचा, चाळिशीला टेकलेला, अंगानं बारीक, आणि हसला की डोळे पार मिटतात. निरनिराळ्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचे, हे त्याचं काम. दर शनिवारी सकाळी तो आमच्याकडे चहाला येतो. माझी नात अनन्या मला आजोबा म्हणते, म्हणून तोही म्हणतो.

माझं शिक्षण आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत. गुरुजी भूगोल फार जीव तोडून शिकवायचे. पहिल्यांदा तालुका शिकवला, मग जिल्हा, मग महाराष्ट्र, मग भारत. जग आठवीत होतं. आठवी होती तालुक्याच्या गावाला, आणि आमच्याकडे तेव्हा म्हशी होत्या. त्यामुळे जग माझं राहिलं ते राहिलंच. ते मला निमिषनं शिकवलं, उतारवयात, चहाबरोबर खारी खात. अशा शिष्याला गुरुजींनी छडी मारली असती की शाबासकी दिली असती, सांगता येत नाही.

त्याचं प्राग तीन दिवसांचं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जोडून सुट्टी मिळते तेवढ्यात बसेल असं. पहिल्या दिवशी उजाडताना पूल, मग जुना चौक. तिथं एक जुनं घड्याळ आहे, तास झाला की वरच्या खिडक्या उघडतात आणि संतांच्या बाहुल्या एकामागून एक डोकावून जातात. दुसऱ्या दिवशी टेकडीवरचा किल्ला. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. ट्रामच्या पहिल्या थांब्यावर बसायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, समोर दिसेल तिथं कॉफी प्यायची. "तिसरा दिवस रिकामाच ठेवायचा आजोबा," तो म्हणायचा, "नाहीतर शहर पाहिल्यासारखं वाटत नाही, हजेरी लावल्यासारखं वाटतं."

मी माझ्या परीनं भर घालायचो. किल्ल्याला पायऱ्या किती? वाटेत टेकायला जागा आहे का? एका शनिवारी तो आला तो हसतच आला. "तुमच्यासाठी नदीकाठी बाक बघून ठेवलाय. झाडाखाली आहे. समोर हंस असतात." कॉम्प्युटरवर दाखवला सुद्धा. इतका बरा बाक होता की मी राधिकाला, म्हणजे माझ्या सुनेला, हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, बाकाच्या नादी लागून तिकडेच राहू नका, तुमची परतीची तिकिटं काढलीत."

असा हा प्लॅन दर वर्षी नवा व्हायचा. हॉटेल बदलायचं, थंडी किती असेल ते बघितलं जायचं, बुटांची चर्चा व्हायची. आणि दर वर्षी निमिष हर्नडनलाच असायचा. अनन्या पंधरा वर्षांची, जिभेला हाड नाही. ती एकदा दुधातल्या सीरियलचं बाऊल घेऊन तिथंच उभी होती. म्हणाली, "निमिषकाका, यू नो दे हॅव प्लेन्स, राइट?"

तो डोळे मिटून हसला. राधिकानं मात्र पोरीकडे असं बघितलं की ती बाऊल घेऊन वर पळाली.

कारण विमानं होती. निमिषला बसता येत नव्हतं. त्याच्या पासपोर्टावरचा अमेरिकेचा शिक्का, म्हणजे व्हिसा, कधीच संपला होता. तिथं राहायला, नोकरी करायला त्याला अडचण नाही, कंपनीचे कागद चोख. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी नवा शिक्का हवा, आणि त्याची तारीख कधी मिळेल, काय विचारतील, किती दिवस अडकवतील, काही नेम नाही. त्याच्या ऑफिसातला एक जण बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला आणि महिनेच्या महिने तिकडे अडकला. इकडे नोकरी गेली, गाडी मित्रानं विकली. तेव्हापासून निमिष हललाच नाही. संजीवनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे आमच्या गावच्या नदीसारखं झालं. पावसाळ्यात पलीकडे जाता येतं, पण संध्याकाळी परत येशील की नाही ते नदी ठरवणार.

आणि नागपूरला त्याची आई. शुभाताई. वडील तो कॉलेजात असतानाच गेले. आईचे गुडघे असे की एवढा प्रवास तिच्यानं होत नाही. म्हणजे तिला येववत नाही आणि याला जाववत नाही. रोज फोन. मी कधी शेजारी असलो तर ऐकू यायचं, "काय करून राहिला रे? जेवला? काय जेवला? काहून आवाज बसला तुझा?"

हर्नडनच्या आमच्या लोकांची एक पद्धत आहे. कुणी भारतात निघालं की बाकीचे विचारतात, "बॅगेत जागा आहे का?" जागा कधीच नसते, आणि नाही कधीच कुणी म्हणत नाही. मग कुणाच्या सासऱ्यांचं ब्लडप्रेशरचं मशीन, कुणाच्या भाच्याचे बूट, बदाम, गोळ्यांच्या बाटल्या, असं सगळं निघतं. पोचल्यावर ते नुसतं टाकून यायचं नाही. बसायचं, खायचं, इकडची खुशाली सांगायची, तिकडची घेऊन यायची. नागपूरकडे जाणारा प्रत्येक जण निमिषचं सामान घेऊन शुभाताईंकडे गेलेला आहे. आमची राधिका अमरावतीची, ती दोनदा जाऊन आली. सांगत होती, "बाबा, त्यांनी पुरणपोळी केली होती, गुडघे धरून धरून वाढत होत्या. निघताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, याच हातानं चहा देतेस न त्याला?"

हे राधिकानं निमिषला सांगितलं नाही. मलाच सांगितलं, आणि मग बराच वेळ ओटा पुसत बसली. ओटा स्वच्छच होता.

आता खरी गंमत. गेल्या सप्टेंबरात, शनिवार नसताना, निमिष आमच्या दारात उभा. हातात एक पाकीट. ग्रीन कार्ड नव्हे, त्याला अजून अवकाश आहे. पण त्या वाटेवरचा एक कागद, जो असला की देशाबाहेर जाऊन परत येता येतं. नवा शिक्का लागत नाही! संजीवनं त्याला उचललंच. राधिकानं शिरा करायला घेतला. अनन्या खाली आली, काय झालं ते ऐकलं, आणि तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं निमिषला खाली वाकून नमस्कार केला. दिवाळीला शंभरदा सांगावं लागतं हो त्या पोरीला! म्हणाली, "सॉरी फॉर द प्लेन जोक."

"नाऊ आय नो दे हॅव प्लेन्स," निमिष म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं की हसू ते त्याचं त्यालाच कळेना.

दिवाळीला नागपूर, हे तर ठरलंच. सुट्टी दोन आठवड्यांची, तीही मॅनेजरपुढे फार बोलून मिळवलेली. संजीवनं तिथल्या तिथं जाहीर केलं, "आधी तीन दिवस प्राग, मग नागपूर. यार, इतकी वर्षं ऐकतोय आम्ही. आता फोटो पाहिजेत."

निमिष ऐकणारा होताच. युरोपचा व्हिसा काढायला वॉशिंग्टनला गेला, तो मिळाला. तळाला न घसरणारं रबर असलेले बूट घेतले, कारण तिथले रस्ते दगडी. ते बूट घालून तो आमच्या घरात फिरून दाखवायचा. पाठीवर मावेल एवढीच पिशवी न्यायची, असं त्याचं ठरलं होतं. मला म्हणाला, "दगडावरून चाकांची बॅग नेली की अख्ख्या गल्लीला कळतं, पाहुणा आला म्हणून. मला गुपचूप जायचंय." इतका आनंदात मी त्याला कधी बघितला नव्हता. आपण कुठंतरी निघालोय असं त्या पोराला पहिल्यांदा म्हणता येत होतं, आणि ते तो दिवसातून दहादा म्हणून बघत होता.

आणि मग बातमी फुटली. निमिष नागपूरला चाललाय!

पुढच्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही. त्याच्या घरी कुणी नसतं, म्हणून लोक सामान आमच्याकडे आणून टाकायला लागले. प्रतिमा नावाच्या बाई आहेत, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करतात, त्यांनी भावासाठी कॉफीचं मशीन आणलं. मशीन म्हणजे केवढं! मी म्हटलं, "अहो ताई, हे त्यानं डोक्यावर घ्यायचं का?" त्या म्हणाल्या, "आजोबा, त्यातली पाण्याची टाकी निघते. टाकीत त्याचे मोजे बसतील." बायका जागा कशी काढतात, बघा! पाठीवरची पिशवी गेली, दोन मोठ्या बॅगा आल्या. निमिष कुणालाच नाही म्हणाला नाही. त्याचं सामान इतकी वर्षं या लोकांनी वाहिलं होतं, तो कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

मला वाटलं, गेलं प्राग. या बॅगा घेऊन तो पुलावर कसा चढणार?

तिकीट काढायचं त्या दिवशी तो आमच्या टेबलापाशी बसला. संजीव शेजारी. राधिका वजनकाट्यावर बॅग चढवत होती. मी माझी काळजी बोलून दाखवली. संजीव हसला. "बाबा, एअरपोर्टवर सामान ठेवायची सोय असते. दोन्ही बॅगा तिथं ठेवायच्या, पिशवी घेऊन शहरात जायचं. अजिबात प्रॉब्लेम नाही."

मला एवढा आनंद झाला की मी टाळीच दिली त्याला. "चला निमिषराव! बॅगांचं सुद्धा जमलं!"

निमिषपुढच्या स्क्रीनवर दोन तिकिटं उघडी होती. एक प्रागला थांबून जाणारं, एक थेट जाणारं. तो कधी हे बघे, कधी ते. मग म्हणाला, "एक मिनिट हं," आणि मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, गेला. संजीवनं माझ्याकडे बघितलं, मी संजीवकडे. आतून राधिका म्हणाली, "जाऊ द्या त्याला." पण मी कसला थांबतोय. शाल घेतली आणि गेलो मागोमाग.

बाहेर मेपलची पानं लाल झाली होती. निमिष कठड्याला टेकून फोन कानाला लावून उभा होता. मी खुर्चीत बसलो. पलीकडून शुभाताईंचा आवाज येत होता, नेहमीसारखा खणखणीत. "काय करून राहिला?"

"काही नाही, तिकीट काढतोय."

"हो न."

"आई, मी धनत्रयोदशीच्या आधी येऊ की तीन दिवस उशिरा आलो तर चालेल? मधे एक शहर बघायचं होतं."

त्या म्हणाल्या, "बघून ये न बाप्पा. तुझं वय आहे. मी काय, इथंच आहो." आणि लगेच दुधवाल्याची काही तरी तक्रार सुरू केली, ती खूप वेळ सांगत राहिल्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की लवकर ये.

फोन ठेवून तो तसाच आत गेला. मी दारातून बघत होतो. थेट जाणारं तिकीट काढलं. प्रागची खिडकी बंद केली. संजीव म्हणाला, "अरे, आई हो म्हणाली ना?" निमिष म्हणाला, "म्हणाली." एवढंच. राधिकानं काही न विचारता चहा टाकला.

पण मला राहवेना. माझा स्वभावच तसा, पोटात प्रश्न ठेवून मला चहा जात नाही. ही गोष्ट काही नोकरीची नव्हती, कागदांची नव्हती, बॅगांचीही नव्हती. दार उघडं होतं, आईनं जा म्हटलं होतं, बूट सुद्धा घेतले होते. तो कप घेऊन माझ्याजवळ बसला तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, "अरे निमिष, इतकी वर्षं त्या शहराचा ध्यास घेतलास. झोपेत उठवलं तरी तिथल्या गल्ल्या सांगशील. नागपूरचं मात्र तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही, पहिल्या दिवशी काय करीन, दुसऱ्या दिवशी कुठं जाईन. आणि आता जायची वेळ आली तर प्राग असं एका बोटानं बंद केलंस?"

त्यानं कप खाली ठेवला. मग जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगतो:

"नागपूरचा प्लॅन एकदा केला होता आजोबा, पहिल्या वर्षी. आईनं माझ्या गादीला नवी खोळ शिवली, बाजूच्या काकूंना बोलावून दाखवली. मग शिक्क्याच्या भीतीनं मी कॅन्सल केलं. ती म्हणाली, असू दे, खोळ काही नासत नाही. त्यानंतर नागपूरचं तिकीट नुसतं उघडून बघायची सुद्धा हिंमत नव्हती माझी. प्रागमध्ये माझ्यासाठी कोणी खोळ शिवून बसत नाही न."