शालुकडांग्यातलं न जळलेलं घर

घाटंजीच्या बाजारात सुकी मासोळी घेऊन बसलेला कोणी बंगाली दिसला, की नेमसिंग राठोड त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. घ्यायचं काही नसायचं. मूळ गाव कोणतं, नदी कोणती, शालुकडांगा ऐकलंय का, एवढंच विचारायचे. कोणी हसून मान हलवायचा, कोणी गिऱ्हाईक अडतं म्हणून कुरकुरायचा. नेमसिंग गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि पुढच्या बाजाराची वाट पाहायचे.

तांड्यात त्यांना फौजीबापू म्हणतात. पंचाहत्तरी गाठली, शेत पोराच्या हवाली केलं, पण डोक्यातलं एक कोडं काही सुटत नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत ते पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, मिसरूड फुटल्या वयात. पाकिस्तानी फौज मागं हटली आणि बंगालातल्या शालुकडांगा गावापाशी मोडलेला पूल उभा करायला त्यांची तुकडी पोचली. पूल उडवला होता तो तिकडच्याच बंडखोर पोरांनी, ऐन पावसाळ्यात. त्याचा सूड फौजेनं गावावर उगवला होता. दुसऱ्या दिवशी गडीमाणसं नदीकाठी उभी करून गोळ्या घातल्या, घरांना आगी लावल्या. उरलेली बाया-लेकरं तळ्याकाठी केळीच्या पानांची खोपटं करून राहत होती.

आणि त्या सगळ्या राखेच्या मधोमध एक घर धडधाकट उभं होतं. गवतानं शाकारलेलं, साधंच.

त्या घरातली बाई जवानांना पाण्याची घागर आणून द्यायची. नेमसिंग प्यायचे. गावातल्या बाया मात्र तिच्या घागरीकडे बघतही नसत. ती वाटेनं आली की बोलणं थांबवत. हे काय गौडबंगाल आहे, ते कोणाला विचारणार? भाषा येत नव्हती.

पूल झाला. निघायच्या दिवशी सकाळी नेमसिंगनी पाहिलं, तेच घर पेटलं होतं. ते बादली घेऊन धावले. गाव नुसतं बघत उभं होतं. त्या बाईनं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, “थाक, बाबा, थाक.” नेमसिंगना वाटलं, बिचारी थकली म्हणते. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि ते गाव मागं राहिलं ते कायमचं.

ही गोष्ट त्यांनी तांड्यात किती वेळा सांगितली, त्याला मोजदाद नाही. ऐकणारे आपापला निकाल द्यायचे. नायकांचा देवीलाल म्हणायचा, बाई फितूर होती, म्हणून फौजेनं तिचं घर सोडलं आणि म्हणून गावानं मागाहून जाळलं. सरळ हिशेब. बायको सुखीबाईला ते पटायचं नाही. “फितूर असती तं फौजेसंगच पळून गेली असती,” ती म्हणायची. “रोज पानी घेऊन कायले आली असती?” नेमसिंगना दोघांचंही खरं वाटायचं, आणि झोप उडायची.

मागच्या हिवाळ्यात बाजारातला निर्मल नावाचा मासोळीवाला मान हलवायच्या ऐवजी थांबला. तो गडचिरोलीकडचा, मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतला. म्हणाला, माझी सासू शालुकडांग्याचीच.

त्याच आठवड्यात नेमसिंग एस.टी. बदलत बदलत मुलचेऱ्याला पोचले. सासूचं नाव कुसुम. अंगणात बदकं, मागं डबकं, आणि म्हातारी भात पाखडत बसलेली. हिंदी-मराठीची खिचडी बोलत होती. पुलाचं नाव काढताच तिनं सूप खाली ठेवलं. त्या घरातली बाई तिची काकी होती, बिनोदिनी. बाप मारला गेल्यावर कुसुम तिच्याच घरात राहत होती.

मग तिनं सगळं सांगितलं. पूल उडवणारी पोरं आदल्या रात्री बिनोदिनीच्या घरात लपली होती. फौजेला ते कळलं नव्हतं. लपवलं कोणी हे शोधता येईना, आणि गावातही ते कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा अफसरानं सगळं गाव जाळलं आणि एक घर मुद्दाम राखलं. वर सगळ्यांसमोर बिनोदिनीला हात जोडले आणि म्हणाला, आई, तुमचे उपकार झाले.

“बस, इतनाही बोला,” कुसुम म्हणाली. “फौज गई. बाकीचं काम गावानं केलं.”

आपण फितूर नाही म्हणून बिनोदिनीनं शपथा घेतल्या. कोणी मानल्या नाहीत. भर पावसात तिनं दार उघडं ठेवलं, पोरांना तरी आत निजवा म्हणाली; कुसुमखेरीज कोणी उंबरा ओलांडला नाही. लपलेली पोरं साक्ष द्यायला परत आली नाहीत, बहुधा पुढं कुठंतरी मारली गेली. शेवटी लढाई संपली तेव्हा तिनं भाताच्या कणग्या, गोधड्या बाहेर काढून अंगणात मांडल्या, ज्याला लागेल त्यानं न्याव्या म्हणून, आणि स्वतःच्या हातानं छपराला काडी लावली.

 नेमसिंग म्हणाले, “मनगट धरून मले तं ते थाक, थाक म्हणे. मले वाटलं, थकली.”

कुसुम हसली. थाक म्हणजे राहू दे, ती म्हणाली. राहू दे, बाबा, जळू दे.

घर बसलं, निखारे उरले, तेव्हा एक शेजारीण उठली. तिचा नवरा आणि दीर दोघंही नदीकाठी मारले गेले होते. ती बिनोदिनीजवळ येऊन बसली.  संध्याकाळी अंगणातलाच भात शिजला आणि सगळ्यांनी खाल्ला. बिनोदिनी त्याच गावात म्हातारी होऊन वारली. कुसुम तेवढी लग्न होऊन इकडं आली.

नेमसिंगना तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना त्यांनी बिनोदिनीचं नाव दोनदा नीट म्हणून घेतलं, चुकायला नको म्हणून.

घरी येऊन त्यांनी सुखीबाईला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, आपलंच खरं निघालं म्हणून ती खुश होईल. ती चुलीपुढं बसून ऐकत राहिली. भाकर करपायला आली तेव्हा ती उलटवून म्हणाली, “इतके घरं होते. अफसरानं तिचंच घर काहून निवडलं? त्याले शक होता का, का असंच बोट ठेवलं?”

हे विचारायचं राहूनच गेलं होतं. नेमसिंगनी निर्मलचा नंबर शोधायला फोन हाती घेतला.