फरशीखालची तीन बोटं

अंगणवाडीत फरशी बसली, तो गुरुवार होता. भिंतीवर रंगवलेल्या उंचीच्या पट्टीची खालची तीन बोटं फरशीखाली गेली.

मुलांची उंची मोजायला यावलच्या सरकारी कचेरीतून दरमहा एक भाऊ यायचे. आकडा आधी पेन्सिलीने लिहायचा आणि साहेबांना आवडण्यासारखा असेल तरच शाईने गिरवायचा, अशी त्यांची शिस्त. शेजारच्या शाळेचा मास्तर म्हणून मी ती वर्षानुवर्षं पाहत होतो.

त्या महिन्यात वाढ खुंटलेल्यांच्या यादीत एकही मूल उरलं नाही.

"बठ्ठा पोरं वाढी ग्यात, गुरुजी!" भाऊ मला म्हणाले.

"पोरं नाही वाढली भाऊ, जमीन वर आली," अंगणवाडीच्या अक्का म्हणाल्या. "यादीतून काढलं तर या सुमीचं रोजचं अंडं बंद होईल."

भाऊंनी चपला काढल्या आणि स्वतःच पट्टीला पाठ लावली. "बघा बरं, अक्का." अक्कांनी आकडा वाचला.

"पन्नाशीत मी बी वाढनू!" ते पोट धरून हसले. मग खाली बसून त्यांनी सगळे आकडे शाईने गिरवले, सुमीचासुद्धा. मी गप्प राहिलो, कारण पुढची फरशी माझ्या वर्गाला मिळणार होती.

सुमी आता माझ्याकडे तिसरीत आहे. बाकावर बसली की तिचे पाय त्या फरशीला टेकत नाहीत, आणि काल शिकलेलं अक्षर आज तिला पुन्हा नवं असतं.