मामाजींनी पारखून आणलेलं नेट

घरात नवा जावई आला की त्याचे किस्से साठत जातात ना, तसे आमच्याकडे नेटचे साठलेत. पाहुणा चहाला बसला आणि कोपऱ्यातल्या नेटच्या डबीकडे बघून "कोणतं घेतलं?" म्हणाला, की संपलं! चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो.

मी मुर्री नावाच्या गावात राहते. ब्लाऊजचं कटिंग शिकवते, घरूनच, ऑनलाइन. सुरुवात मोबाईलच्या डेटावर केली. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीजवळ! टाकीपाशी कापड पसरायचं, कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि शिकवायचं. एकदा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापून विटा उचलल्या, तर असा वारा आला की अख्खं कापड शेजारच्या अंगणात. फोनमधून एकजण म्हणते, "मॅडम, ही स्टेप परत दाखवा ना, समजली नाही!"

हसू आलं, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नव्या बॅचला बारा जणींनी नावं दिली होती आणि चित्र अडकतं म्हणून जुन्या कुरकुर करत होत्या. नेट नीट नाही मिळालं, तर क्लासच बंद पडणार होता.

•

पहिला कंपनीवाला आला. गळ्यात टाय, तोंडात फाडफाड हिंदी. "मॅडम, सौ की स्पीड! अनलिमिटेड!"

मी म्हटलं, "अपलोड किती? मला पिक्चर नाही बघायचा, माझा व्हिडिओ पाठवायचा आहे."

"मॅडम, डाउनलोड सौ है ना!"

"अहो, अपलोड?"

"आप डाउनलोड तो देखिए!"

माझे सासरे, म्हणजे मामाजी, खाटेवर बसून ऐकत होते. जन्मभर धान पिकवलेला माणूस. ते म्हणाले, "काऊन जी, घरी पाणी येते किती ते सांगून राहिले. घरून धानाच्या बांधीत जाते किती, ते सांगा ना!"

टायवाला पत्रक ठेवून गेला.

•

दुसऱ्या दिवसापासून मामाजींनी स्वतःच चौकशी सुरू केली. ज्याच्या घरावर तार दिसेल, त्याच्याकडे जाऊन बसायचे. प्रश्न एकच. "पावसात बंद पडला, तर माणूस किती दिवसांनी येते?"

चार दिवसांनी निकाल लागला. नागरा गावाकडचा एक केबलवाला. स्पीड त्या टायवाल्यापेक्षा कमी, पण फोन केला की स्कूटरवर स्वतः येतो.

"पण मामाजी, स्पीड?"

"पळणारा बैल शंकरपटाच्या शर्यतीत पायजे, बाई. घरी पायजे चिखलात न बसणारा!"

मी त्या केबलवाल्याला अपलोड विचारलं. येणारं-जाणारं सारखंच होतं. ठरलं!

•

तार शेजारच्या काकूंच्या छपरावरून न्यायची होती. काकू दारात आडव्या. "माह्या घरावरून तार नाही! करंट लागन!"

केबलवाले भाऊ त्यांच्या पायरीवरच बसले. तार सोलली आणि आतला केसासारखा धागा दाखवला. "काकू, यात करंट नाही. काच हाय. यातून नुसता उजेड जाते."

काकूंनी डोळे बारीक करून पाहिलं. "उजेड जाते?"

"हो जी."

"मंग त्याचा लाईटबिल माह्यावर नको येऊ देजो!"

आणि शिडी त्यांनीच काढून दिली.

•

नवी बॅच सुरू झाली. चित्र अगदी स्वच्छ, खडूची रेघन्‌रेघ दिसत होती. तिसऱ्या दिवशी भर क्लासमध्ये सगळं गायब! लाईट होती, तार शाबूत होती. धावत बाहेरच्या खोलीत गेले, तर मामाजी डबीचं बटण बंद करून तिला वर्तमानपत्राने वारा घालत होते.

"मामाजी, हे कायले केलं?"

"तापला होता ना! मोटार तापली का आपण बंद नाही करत का?"

•

त्या बॅचमध्ये केशोरी गावची सरिता होती. महिनाभर रोज वेळेवर जॉइन व्हायची, पण कॅमेरा बंद आणि आवाजही बंद. काही विचारलं की "हो जी" एवढं टाइप करायची. मला वाटायचं, ही फोन लावून ठेवते आणि स्वयंपाक करते.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीने स्वतः शिवलेला ब्लाऊज घालून दाखवायचा होता. बाकी सगळ्यांचे झाले. मी म्हटलं, "सरिता, आज तरी कॅमेरा लाव!"

मग कॅमेरा लागला.

फोन बहुतेक डब्याला टेकवलेला होता. समोर सतरंजीवर आठ बायका दाटीने बसल्या होत्या. आठही जणींच्या अंगात नवे ब्लाऊज, आठही मुंढे नीट बसलेले!

मधली सरिता लाजत म्हणाली, "मॅडम, गावात रेंज आमच्याच घरी येते जी."

मागून एक म्हातारी पुढे सरकली, बाही ओढून फोनजवळ धरली आणि म्हणाली, "माही बाही पाहा ना, बाई. दोनदा उसवली, तवा जमली!"