पदराची पिन

मिरज स्टेशनवर गाडी यायच्या आधी बाबा माझ्या सुटकेसचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. मला जवळ घ्यावं असं त्यांच्या मनात असणार, पण हात कुलपाकडेच गेले. आई रडत होती आणि रडता रडता सूचनाही देत होती, "लोणच्याची बाटली आडवी ठेवू नकोस, पोळ्या मुंबईपर्यंत संपव." बाबा एवढंच म्हणाले, "नीट राहा." शाळेत गणित शिकवायचे ते, आणि घरातही उत्तरापुरतंच बोलायचे. गाडी हलली तेव्हा दोघं प्लॅटफॉर्मवर शेजारी उभे होते, पण मधे अजून एक माणूस सहज उभा राहिला असता. आमच्या घरात सगळे असेच उभे राहायचे.

तिकडेच राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं सामान बांधून निघालेल्यांनाही आज हे सांगतेय, कारण दोघांनीही मला सारखा एकच प्रश्न विचारलाय. "तू नक्की काय काढतेस गं?"

बर्मिंगहॅमला मी आले ते इलस्ट्रेशन शिकायला. मुलांची पुस्तकं काढायची, ससे आणि अस्वलं, असा बेत होता. शिक्षण संपलं आणि कळलं, की ससे काढणारे या देशात ढिगाने आहेत. मग लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये रिसेप्शनला लागले. रोज अपॉइंटमेंटला येणारी वयस्क जोडपी बघायची. एकमेकांची बटणं लावणारी, एकाच्या कोटात दुसऱ्याचा चष्मा ठेवणारी. घरी येऊन मी ती काढायला लागले. आधी कोटात, मग कोटाशिवाय.

तर, मी मोठ्यांसाठी कामुक कॉमिक्स काढते. एका दमात लिहून टाकलं, बरं वाटलं. माझी नायिका अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, नायक पन्नाशीचा, त्याला पोट आहे आणि तिचे गुडघे दुखतात. दोघं लग्नाचे नवरा-बायको आहेत आणि एकमेकांवर अजून भुललेले आहेत. एवढीच काय ती माझी चावट गोष्ट. टाउन हॉलमधल्या कॉमिक्सच्या जत्रेत मला टेबल मिळतं ते कोपऱ्यातलं, वर "फक्त प्रौढांसाठी" अशी पाटी. लोक आधी लांबून बघतात, मग पाकिटं शोधल्यासारखं करत जवळ येतात. एकदा एक आजीबाई सगळं पुस्तक उभ्यानेच वाचून म्हणाल्या, "थँक यू, लव्ह. कुणीतरी आम्हालाही मोजलं." त्या दिवशी मी ट्रेनमध्ये घरी येईपर्यंत रडत होते.

पुस्तकांवर नाव मात्र ज्यूनिपर. इथल्या एका झुडपाचं नाव, त्याला ना मिरज ना माहेर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी म्हणायचे, "इलस्ट्रेशन." "म्हणजे मुलांची पुस्तकं?" "हो, साधारण." मिरजेला फोनवरही हेच साधारण. बाबा गेले तेही मुलगी अस्वलं काढते अशा समजुतीत गेले.

ते गेल्यावर आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. नेमकं तेव्हाच एका छोट्या प्रकाशकाने माझ्या सगळ्या गोष्टींचं एक जाड पुस्तक काढायचं ठरवलं. त्याची एकच अट होती. मुखपृष्ठावर खरं नाव हवं. झुडपाच्या आड बसून लिहिलेलं पुस्तक दुकानदार मागे ढकलतात, असं त्याचं म्हणणं. मला ते नाव हवंच होतं. इतकी वर्षं केलेल्या कामावर आपलं नाव नसणं आतून कुरतडत होतं. पण आई परत मिरजेलाच जाणार होती, त्याच गल्लीत, त्याच शेजारणींत, आणि इथली बातमी तिकडे पोचायला फोनचं एक बटण पुरतं. माझं नाव तिच्या माथी मारायचा मला काय अधिकार? मी प्रकाशकाला आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

आई असेपर्यंत मागच्या खोलीला मी "ऑफिस" म्हणायला लागले आणि दार लावून काम करायला लागले. पण आमच्या धंद्यात सगळं डोक्यातून काढता येत नाही. कापड कसं पडतं, खांदा कुठे वळतो, हे समोर बघावं लागतं. एका रविवारी सकाळी मी लग्नातली पैठणी शिंप्याच्या पुतळ्याला नेसवली होती आणि निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पदर ओढायला उभं केलं होतं. निखिल लंडनच्या पिनर उपनगरात जन्मला आणि वाढला, मराठी मोडकं, पण फार गोड माणूस. एका हाताने पदर धरून तो म्हणत होता, "अगं, माझी हात दुखतोय, हरी अप." आणि आई चहा घेऊन आत आली.

पुतळा, पैठणी, जावई आणि स्क्रीनवर अख्खं पान. काही झाकायला वेळच नव्हता. निखिल पदर न सोडताच म्हणाला, "आई, हे वृंदाचा काम आहे. व्हेरी फेमस आहे." आईने चहा टेबलावर ठेवला, पान नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि दार लोटून गेली.

दिवसभर तिचं सगळं नेहमीसारखं. जेवली, भांडी पुसली, टीव्ही लावला. आता तिकीट बदलून मागेल, असं मी मनात धरून चालले. संध्याकाळी बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडायला बसलो, तेव्हा माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"त्या बाईच्या पदराला पिन का नाही?"

"अं?"

"खांद्याला पिन असते. तो असा खसकन ओढतोय, ब्लाउज फाटेल तिचा. इतकी वर्षं साडी नेसली नाहीस की असंच काढणार. सिनेमात ओढतात तशी साडी कुणाच्या घरात निघत नाही, वृंदा. आधी पिन निघते."

मी मेथीची काडी हातात धरून बसले. ती पुढे बोलायला लागली, तेही मेथीशीच.

"लग्नाकार्याहून आलं की मागची पिन मला पोचायची नाही. हे चष्मा लावायचे. चष्मा लावून, मागे उभं राहून, हलकेच काढायचे. कापडाला भोक पडू द्यायचे नाहीत. मग पिन मिटवून माझ्या बांगडीत अडकवायचे, हरवू नये म्हणून. मग दिवा."

"आणि मग?"

"मग काय? गप्प बस, मेथी निवड."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता माझी मीच काढते. पोचते कशीतरी. बशीत ठेवते." मी तिचा हात धरला. आमच्या घरात हे कधी करायची पद्धत नव्हती. तिने हात काढून घेतला नाही.

आयुष्यभर मला वाटत आलं होतं, की प्रेम करणारी माणसं मी इथे, हॉस्पिटलच्या बाकांवर पाहिली, आमच्या घरात ते नव्हतंच. किती खुळी मी.

ते पान मी पुसून टाकलं आणि नवं काढलं. चष्मा, खांदा, मिटलेली पिन, बांगडी. बाकी काही नाही, एक इंच कातडीसुद्धा जास्त नाही. प्रकाशकाला वाटलं, पुस्तकातलं सगळ्यांत धीट पान हेच. मी ते आईला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "त्यांची बोटं जाड होती." मी बोटं जाड केली.

मग तिनेच विचारलं, "वर नाव कुणाचं?"

सगळं सांगितलं. झुडूप, प्रकाशक, मिरज, शेजारणी.

"तुझं घाल," ती म्हणाली. "आणि मधे यांचं. वृंदा श्रीधर माने, पुरतं. पिन त्यांची आहे."

"बाबांना चाललं असतं?"

"चार दिवस बोलले नसते. मग चाललं असतं."

"आणि गल्लीतल्या बायका?"

"त्यांच्याही खांद्याला पिना आहेत," आई म्हणाली, आणि कुकरची शिटी झाली म्हणून उठली.

पुस्तक आलं. दुकानाच्या काचेत बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटून उभं होतं, मधे कुणी मावणार नाही इतकं जवळ. मंडळात काही जणी माझ्याशी आता जपून बोलतात. एकीने मात्र बाथरूमच्या रांगेत हळूच विचारलं, "एक कॉपी मिळेल का गं? कागदात गुंडाळून दे."

आई परत गेली त्याला आता बरेच दिवस झाले. पूर्वी मिरजेला फोन केला की मी घरी बोलतेय असं वाटायचं नाही, कुणाच्या तरी घरी चांगली मुलगी म्हणून पाहुणी गेलेय असं वाटायचं. आणि लेस्टरचं हे घर मिरजेपासून लपायची जागा होती. दोन घरं होती, पण पुरती मी एकातही नव्हते. आता रविवारी व्हिडिओ कॉल येतो. हवा, पाणी, गुडघे, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, सगळं होतं. मग आई मागे वळून बघते.

"थांब हं," म्हणते, "दार लावते."

कडी लागल्याचा आवाज येतो. ती खुर्ची पुढे ओढते आणि बाबांचा चष्मा डोळ्यांवर चढवते.

"हं. दाखव आता, काय काढलंस."