स्वस्त होस्टिंग आणि शालनला आलेला फोन

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण शालनचं प्रकरण निघालं की मी अजूनही खुर्चीत सावरून बसतो. या लेखात नाव येईल ते एवढंच, कारण शालन नावाची ही बाई कधी जन्मालाच आली नव्हती. बाकीची माणसं खरी आहेत, म्हणून त्यांची नावं देणार नाही.

मी तेव्हा महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले. म्हणाले, "साहेब, उंब्रजच्या आपा तीन महिलांना घेऊन आल्यात. तिघींची तक्रार एकच आहे, पण एकमेकींना ओळखत नाहीत."

आपा शिवणक्लास चालवायच्या. त्याबरोबर विधवा आणि घटस्फोटित माणसांची पुन्हा लग्नं जुळवायच्या, मग माणूस कुठल्याही जातीधर्माचं असो. आधी हे काम वहीत चालायचं. पुढे त्यांनी वेबसाइट काढली. बाहेरून बघणाऱ्याला फक्त वय आणि शिक्षण दिसायचं. नाव, फोटो, फोन नंबर आत कुलूपबंद असायचे, निदान आपांची तशी समजूत होती.

तिघींना एकाच पुरुषाचे फोन येत होते. तो नाव-गाव बिनचूक सांगायचा आणि म्हणायचा, "भेटायला ये, न्हाईतर तुझ्या घरी कळवतो."

त्यातली वडूजची बाई जेमतेम तिशीची. जयभीम घालून बसली आणि खाली मान घालून बोलू लागली. "साहेब, नवरा जाऊन चार वर्षं झाली. मी सासरीच ऱ्हाते. सासूबाईंनी लेकीसारखं सांभाळलं. आधी स्थळ बघावं, मग त्यांना सांगावं असं ठरवलं हुतं. आता ह्यानं सांगितलं तर त्या म्हणतील, हिनं पाठीमागं उद्योग केले."

आपा कोपऱ्यात बसल्या होत्या. गावात कुजबुज सुरू झाली होती की यादी आपांनीच विकली. दोन बायकांनी शिवणक्लासला येणं थांबवलं होतं.

गुन्हा नोंदवला. फोन करणाऱ्याच्या नंबरची माहिती मागवली. सिमकार्ड परजिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर निघालं, त्याचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. फोन बोलण्यापुरता चालू व्हायचा, लगेच बंद. टॉवर कधी पलूसचा, कधी सांगलीचा. आठवडा गेला आणि हाती काही लागेना. खरं सांगायचं तर वही कुणाकुणाच्या हाती पडली, याचीच चौकशी मी करत होतो. म्हणजे संशय आपांच्या घराभोवतीच फिरत होता.

आणि मग एका दुपारी आपांचा फोन आला.

"साहेब, शालनला फोन आलाय."

"कोण शालन?"

"न्हाईच ओ कोण. मीच केलीया ती."

त्या ठाण्यात आल्या तेव्हा नीट उलगडा झाला. साइट ज्या संगणकावर ठेवतात ती जागा भाड्यानं घ्यावी लागते, त्याला होस्टिंग म्हणतात. जुन्या कंपनीनं भाडं वाढवलं, म्हणून आपांनी सांगलीचा एक स्वस्त माणूस धरला. साइट त्याच्याकडे हलवल्यावर अर्ज नीट भरला जातो का, हे बघायला त्यांनी एक खोटी बाई भरली. नाव शालन, वय पस्तीस, नंबर स्वतःच्या घरात पडून असलेल्या जुन्या मोबाइलचा. त्याच मोबाइलवर त्या माणसानं फोन करून विचारलं होतं, "शालनबाई का?"

मी उठून उभा राहिलो. शालन वहीत नव्हती. जुन्या कंपनीकडेही नव्हती. ती फक्त सांगलीच्या त्या माणसाच्या जागेत होती. यादी तिथूनच फुटली होती. आठवडाभर बंद असलेलं दार एका खोट्या बाईनं उघडलं होतं, आणि आपांवरचा संशय त्याच क्षणी गळून पडला. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग लगेच म्हणाल्या, "आता त्याला पकडा."

त्याच दिवशी आम्ही सांगली गाठली. होस्टिंगवाल्याचं दुकान म्हणजे एक गाळा, दोन संगणक आणि भिंतीवर मोठा फलक: 'सर्वांत स्वस्त'. पन्नाशीचा, बोलका माणूस. मला बघून चहा मागवायला निघाला. मी चौकशीला सुरुवात केली. खोटं बोलणारा सहसा उत्तर तयार ठेवून बसतो. हा मात्र प्रत्येक प्रश्नाला अडखळत होता आणि कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. हा चोर नाही, याला कशाची तरी लाज वाटतेय, असं मला वाटलं.

"तुमच्याकडं किती गिऱ्हाइकं?"

"चाळीसेक."

"चाळीसही साइट एकाच जागेत?"

"व्हय. मी एकच जागा मोठ्या कंपनीकडनं घेतो आन् वाटून देतो. परवडत न्हाई हो वेगळं."

"पासवर्ड?"

त्यानं एकदा फलकाकडे बघितलं. मग हळू म्हणाला, "सगळ्यांना एकच दिलाय."

चाळीस बिऱ्हाडं एका चाळीत, आणि सगळ्यांच्या कुलपाला एकच किल्ली. ज्याला स्वतःचं दार उघडता येत होतं त्याला आपांचंही उघडता येत होतं. पंचांसमक्ष संगणकातली नोंद काढून घेतली. कुणी कधी प्रवेश केला ते त्यात दिसायला हवं होतं, पण पासवर्ड एकच म्हणून नावही एकच. एवढंच कळलं की संशयित चाळीस आहेत.

मग आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार म्हणाल्या, "साहेब, मी शालन बनते की."

जुना मोबाइल त्यांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो वाजला. बाई अशा बोलल्या की मला क्षणभर खरंच वाटलं. "आवं, असं नका करू. माझा भाऊ लय तापट हाय. भेटते मी, पर गर्दीच्या ठिकाणी." त्यानं कुंडलचा बाजार सांगितला. लाल रुमाल घेऊन ये म्हणाला.

हद्दीतल्या ठाण्याला कळवून आम्ही साध्या कपड्यांत कुंडलला पोहोचलो. बाजार भरला होता. हवालदार बाई लाल रुमाल घेऊन मेथीच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. मी समोर वांग्याचा भाव करत होतो. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, हातात पिशवी, असा एक चाळिशीचा गृहस्थ दोनदा त्यांच्याजवळून गेला. तिसऱ्यांदा थांबला आणि म्हणाला, "शालन?"

बाईंनी नुसतं त्याच्या मनगटाला धरलं. मी पोहोचेपर्यंत तो म्हणत होता, "ताई, माझा कायतरी गैरसमज झाला." मी त्या नंबरवर फोन लावला. भेटीपुरता त्यानं तो चालू ठेवला असावा; त्याच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली मोबाइल वाजू लागला.

हा जुन्या ट्रॅक्टरांचा दलाल निघाला. धंद्याची साइट त्यानंही सांगलीच्या त्याच दुकानातून घेतली होती. घरी बायको, दोन मुली. चौकशीत आधी म्हणाला, "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?" मी त्याच्या दुकानातला जप्त केलेला संगणक चालू केला. त्यात आपांची सगळी यादी होती, शालनसकट. मग त्याचा आवाज बदलला.

"दार उघडं हुतं, साहेब. म्हणून बघितलं."

"उघड्या दारातून बघितलंस. फोन कशाला केलेस?"

पुढे दोषारोपपत्र गेलं, तिन्ही महिलांनी साक्ष दिली आणि त्याला शिक्षा झाली. सांगलीचा होस्टिंगवाला साक्षीदार झाला. त्यानं तो फलक स्वतःच उतरवला.

आपांना नवी जागा शोधायची होती. त्या मला म्हणाल्या, "महाग झेपणार न्हाई, स्वस्तात ही गत. मग करू काय?" मी त्यातला जाणकार नव्हतो, पण चौकशी करणं हा माझा धंदा होता. एका रविवारी दुपारी आम्ही तीन कंपन्यांना मुद्दाम सुट्टीच्या दिवशी फोन लावले. एकीचा फोन कुणी उचललाच नाही. दुसरी पहिल्या वर्षाचा भाव सांगत होती, दुसऱ्या वर्षाचा विचारला की विषय बदलत होती. तिसऱ्या कंपनीत फोन घेणाऱ्या मुलीनं सगळं शांतपणे सांगितलं: पुढल्या वर्षी किती पडेल, माहितीची प्रत रोज कुठं ठेवतात, शेजाऱ्याला आपल्या जागेत का शिरता येत नाही, साइटचं नाव आपांच्याच नावावर कसं राहील आणि सोडून जायचं झालं तर सगळं कसं परत मिळेल. भाव सर्वांत कमी नव्हता, पण शिवणक्लासवाल्या बाईला झेपेल इतका होता. आपांनी तीच निवडली.

वडूजच्या त्या बाईनं साक्षीला जाण्याआधी सासूला सगळं सांगितलं होतं. निकालानंतर दोघी उंब्रजला आल्या, मीही तिथं होतो. सासूबाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून आपांपुढं ठेवलं. म्हणाल्या, "सुनेचा फोटो जुना झालाय. नवा काढून आणलाय. यादीत तिचं नाव ऱ्हाऊ द्या."

गुन्हेगार पकडला की पोलिसाचं काम संपलं, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दिवशी कळलं की पोलिसानं लोकांची भीतीही मोडली पाहिजे, नाहीतर गुन्हेगार पकडला जाऊनही जिंकतो. आणि माणसांनी विश्वासानं दिलेली गोष्ट कुठं ठेवायची हे ठरवताना भाव जरूर विचारावा, पण किल्ल्या किती जणांकडे आहेत हे त्याच्या आधी विचारावं.