खालून ‘चालू’ आल्याशिवाय

माझी कीव करणाऱ्यांना मी आता दुकानात उभं करत नाही. कपडे द्या, पावती घ्या, चालू लागा. कोट धुवायला आणायचा आणि काउंटरवर कोपर टेकवून, मान वाकडी करून विचारायचं, "तू कशी आहेस गं? खरं सांग." खरं सांगितलं तर पचणार आहे का तुम्हाला? मी बरी आहे. जेवते, झोपते, भांडते. नवरा माझ्या घरात आहे आणि त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. तो हात कशानं मोडला, हे मात्र एकानंही विचारलं नाही. म्हणून मीच सांगते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. ते काम एकट्याचं नाही, दोघांचं असतं. एक जण इमारतीच्या डोक्यावर, मशीनच्या खोलीत, मेन स्विचपाशी. दुसरा तळाला, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात. वर माझा थोरला भाऊ आणि खाली माझा नवरा, ही जोडी माझ्या लग्नाच्याही आधीची. कामावर त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. दादा ‘वरचा’ आणि हा ‘खालचा’. लग्न ठरलं तेव्हा दादाच्या दोस्तांनी मला ‘खालची’ म्हणून चिडवून घेतलं होतं.

त्यांच्यात एक नियम आहे. खड्ड्यात उतरताना खालचा ओरडतो, "बंद!" वरचा मेन स्विच खाली ओढतो आणि तोही ओरडतो, "बंद!" मग काहीही होवो, इमारतीचा मालक येऊन थयथयाट करो, खालच्याच्या स्वतःच्या तोंडून "चालू" आल्याशिवाय वरच्यानं स्विचला हात लावायचा नाही. मधल्या मजल्यावरच्यानं निरोप पोचवायचा नाही. आवाज आला नाही तर वरच्यानं जिने उतरून खाली यायचं, विचारायचं, आणि परत जिने चढायचे. दादाचे गुडघे त्यातच गेले. आमच्याकडे जेवायला आला की हा नियम तो ताटालाही लावायचा. याच्या तोंडून "बस" आलं नाही तर वाढतच सुटायचा, आणि हा मुद्दाम तोंड मिटून बसायचा.

एका दुपारी भांडी पुसता पुसता नवऱ्यानं मला सांगितलं, की त्याला बायका आवडतात, मी तर फारच आवडते, आणि पुरुषही आवडतात. आजकालचं नाही, मिसरूड फुटल्यापासूनचं. कुठे गेलो नाही, काही केलं नाही, पण आतल्या आत जीव गुदमरतो, म्हणाला. त्याला शब्दही ठाऊक होता, बायसेक्शुअल. मी हातातलं पातेलं आपटलं.

"मग मी कोण?"

"तू बायको," तो म्हणाला. "तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगू?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? रडलेसुद्धा. महिनाभर मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होते. पण बघून बघून सापडलं काय? तोच माणूस. ओला टॉवेल पलंगावर टाकणारा, मला ताप आला की उशाशी बसून पेंगणारा. राग उरला तो एवढाच, की इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसला होतास? त्याचं उत्तर पुढे लोकांनीच दिलं मला. घरपोच.

त्याला आपल्यासारख्या कोणाशी तरी बोलायचं होतं. "तुझ्याशी बोलतोच मी," म्हणाला, "पण तुला समजावून सांगावं लागतं. न समजावता कळेल असं कोणी हवंय." यात वावगं काय? मलाही सासूबद्दल बोलायला एक मैत्रीण आहेच की. वाचनालयाच्या माडीवर शनिवारी एक बैठक भरायची, पुरुषांवर जीव असलेल्या पुरुषांची. हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. इस्त्री मीच केली होती. परत आला तो तोंड एवढंसं करून.

"काय झालं?"

"दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, घरी बायको आहे ना? मग तू अजून स्वतःला फसवतोयस. एक जण म्हणाला, तळ्यात की मळ्यात ते आधी ठरव, मग ये." शर्टाची बटणं काढता काढता तो थांबला. "घरचे म्हणतील बरा हो, हे म्हणतात पुरा हो. आहे तसा मी कुठे बसू गं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या शनिवारी मी स्वतः गेले. दार ढकललं आणि म्हटलं, "नमस्कार. मी ती बायको."

मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. "जन्मभर लोक तुम्हाला म्हणत आले ना, की हे खरं नाही, हे खूळ आहे, जाईल? मग माझ्या नवऱ्याला तुम्ही तेच कसं म्हणता? जगानं तुम्हाला दाराबाहेर उभं केलं, आणि तुम्ही माझ्या माणसाला दाराजवळची खुर्ची दिलीत? तो माझ्याशी संसार करतो ते काय नाटक आहे? माझ्या संसाराला खोटा म्हणणारे तुम्ही कोण लागून गेलात?"

कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. घसा कोरडा पडला होता म्हणून प्याले, पण राग तसाच ठेवला आणि जिना उतरले. मागून हाक आली, "वहिनी, जरा थांबता?"

एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी बस चालवायचे. जिन्याचा कठडा धरून सावकाश खाली आले. "माझी बायको वारली," म्हणाले. "तिच्यावर माझा फार जीव होता. आणि तरुणपणी आमच्या एका कंडक्टरवरही होता. दोन्ही खरं. इथे वर मी फक्त कंडक्टरचं बोलतो. बायकोचा विषय काढला की लोक घड्याळ बघतात. नातेवाइकांत फक्त बायकोचं बोलतो. अख्खा असा मी कुठेच बसलेलो नाही, वहिनी."

मी म्हटलं, "रविवारी सकाळी माझं दुकान बंद असतं. या."

असं ते सुरू झालं. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्र्या, आणि डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांतले लोकांचे कोट. त्या कोटांखाली ही माणसं बसायची. बसकाका आले. एक गणिताचे मास्तर आले, बायकोला घेऊन. ती बिचारी पहिल्या दिवशी नुसती रडली. मी तिच्या हातात चादरीची दोन टोकं दिली, दोन माझ्याकडे घेतली, आणि घड्या घालता घालता आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. दुसऱ्या रविवारी ती हसत आली. औषधांच्या दुकानातली एक बाई यायला लागली, तिचंही तसंच होतं आणि तिच्या नवऱ्याला पत्ता नव्हता. तो ‘तळ्यात की मळ्यात’वालाही एकदा येऊन चुकलो म्हणाला. त्याला मी दाराजवळचंच स्टूल दिलं. मग थोड्या वेळानं उठवून आत बसवलं, एवढी काही मी दुष्ट नाही.

बोलायचे काय? गुडघेदुखी, मुलांचे क्लास, तरुणपणी कोणापायी कशी फजिती झाली. माझा नवरा असा हसायचा की धुलाईची मशिनं चालू असती तरी ऐकू आलं असतं. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

तिथून त्याला धीर आला आणि तो दादाला सांगायला गेला. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "वर कोण आहे ते मला माहीत असतं. खाली कोण आहे ते त्यालाही माहीत असावं." डबा खाताना सांगितलं. दादानं डबा मिटला, मुकादमाकडे गेला आणि दुसरा जोडीदार मागितला. कारण दिलं नाही. कारण दिलं नाही म्हणूनच सगळ्या कामगारांनी मिळून कारण शोधलं, आणि चार दिवसांत ते माझ्या काउंटरवर पोचलं.

संध्याकाळी दादा दुकानात आला. "चिमे, बॅग भर. मीच तुला त्याच्या गळ्यात बांधलं, मीच सोडवणार."

"मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचंय? तुला कळत असतं तर तू त्या घरात राहिली असतीस? हा संसार बंद. मी सांगतो, बंद."

मी शटर त्याच्या तोंडावर ओढलं. लहानपणी मला खांद्यावर बसवून फिरवणारा भाऊ तो!

कामावर माझ्या नवऱ्यासोबत कोणी जोडी लावेना. शेवटी मुकादमानं दुसऱ्या टोळीतल्या एकाला बळेच वर पाठवलं. तो बाबा याच्याशी बोलेचना. जणू बोललं की विटाळ होतो! याला काय सांगायचं ते मुकादमाला सांगायचा आणि मुकादम खाली ओरडायचा. रोज घरी येऊन हा म्हणायचा, "खाली उतरतो खरा, पण वर आपलं कोणी नाही." मी म्हणायचे, सोड ती नोकरी. तो म्हणायचा, "मी का सोडू? मी काय चोरी केलीय?" बरोबरच होतं त्याचं. पण तो उतरला की इकडे माझं चित्त थाऱ्यावर नसायचं.

आणि झालंच. मोठी इमारत, शेजारीशेजारी दोन लिफ्ट. एका लिफ्टच्या मशीनच्या खोलीत दादा, दुसऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात हा. याच्या वरच्या त्या नव्या माणसाला घरी जायची घाई. त्यानं मधल्या मजल्यावरच्या मुकादमाला विचारलं, झालं का? खाली वाकून एक हाक मारायला काय जीभ झडत होती? पण नाही. आणि मुकादम म्हणाला, "झालं असेल त्याचं. कर चालू."

लिफ्ट खाली आली. हा कोपऱ्यात आडवा पडला म्हणून वाचला, हात तेवढा अडकला. मशीन सुरू झाल्याचा आवाज दादानं ऐकला आणि खालून हाक आलेली नाही हेही त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही मशीनच्या खोल्यांमधलं दार ढकलून त्यानं स्विच ओढला आणि त्या मोडक्या गुडघ्यांनी सगळे जिने धावत उतरला. दादानंच माझ्या नवऱ्याला खड्ड्यातून वर काढलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा व्हरांड्यात दादा मुकादमाची गचांडी धरून उभा होता. "खाली कोण होतं? तू होतास? त्याच्या तोंडून आलं होतं ‘चालू’? मग त्याच्या जिवाचं तू परस्पर कसं ठरवलंस?"

"मला वाटलं, झालं असेल..." मुकादम पुटपुटला.

"तुला वाटलं! तुझ्या वाटण्यावर माणूस मारशील?"

डॉक्टर म्हणाले होते, हात जुळेल, जिवाला धोका नाही. ते ऐकेपर्यंत मी श्वास धरून होते. तो सुटला, आणि त्याबरोबर बाकीचंही सुटलं.

"दादा, सोड त्याला," मी म्हटलं. "आणि आत्ता जे बोललास ना, ते पुन्हा बोल. आरशासमोर उभा राहून बोल."

"म्हणजे?"

"या संसारात खाली उतरलेली मी आहे. माझ्या तोंडून आलं होतं ‘बंद’? तुला वाटलं! तुला वाटलं आणि तू परस्पर ठरवून मोकळा झालास. लिफ्टसाठी गुडघे फुटेस्तोवर जिने उतरतोस रे, माझ्यासाठी एकदा उतरला असतास! एकदा विचारलं असतंस, चिमे, तुझं काय? तू वर असतास तर आज तो आत पडला असता का, सांग ना!"

दादाचा हात सुटला. मुकादम गुपचूप बाजूला सरकला. दादा बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "मला नाही कळत गं त्याचं ते. खरंच नाही कळत."

"नको कळू दे. विचार फक्त."

त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"चिमे, चालू?"

"चालू!" मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की नर्स धावत आली आणि म्हणाली, इथे ओरडायचं नाही. मी म्हटलं, बाई, आमच्यात हे ओरडूनच सांगतात.