आबांची बॅच

मंडळी, आज अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. माईक माझ्याकडे होता.

एकाहत्तरच्या लढाईत लढलेले आबा मॅट्रिकच्या आधीच हीच शाळा सोडून फौजेत गेलेले. त्यांना आम्ही शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या.

मग मी पास झाल्याच्या वर्षाप्रमाणे एकेक बॅच फोटोसाठी बोलावली. आबांच्या वर्गातले म्हातारे उठून पायऱ्यांवर उभे राहिले.

आबा माझ्याजवळ आले. आपली बॅच विचारत हळूच म्हणाले, "भाऊ, मनी बॅच कोनती शे?"

मी म्हणालो, "आबा, तुम्ही तर आज पाहुणे."

"बरं," म्हणाले आणि शाल सावरत खुर्चीत जाऊन बसले. फोटो त्यांच्याविनाच निघाला.

त्यांच्याच शाळेत मी त्यांना पाहुणा करून टाकलं. आता कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊ, सांगा.